थरथरणारी सिलिकॉनची पट्टी चुंबकीय क्षेत्र कसं मोजते?

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जा आणि फोनमधलं होकायंत्र उघडा. मागापासून चार पावलं लांब असताना उत्तर दिशा एकीकडे दिसेल, मागाला हात लावून उभे राहिलात की भलतीकडेच. फोन बिघडलेला नसतो. मागाच्या लोखंडी सांगाड्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाकवलेलं असतं, मोटरच्या तारा त्यात आपलं क्षेत्र मिसळत असतात आणि फोन त्या सगळ्याची बेरीज मोजतो.

ही बेरीज किती मोठी असते? सोलापूरच्या मोकळ्या माळावर, आसपास लोखंड नसताना, पृथ्वीचं क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाच्या थोडं वर भरतं. मायक्रोटेस्ला म्हणजे टेस्लाचा दहा लाखावा हिस्सा. आता मागाची एक अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर घ्या. तिच्या प्रत्येक तारेतून साधारण दोन अँपिअर करंट जातो. अशा एकट्या तारेपासून एक सेंटिमीटरवर जे क्षेत्र तयार होतं, तेही गणिताने बरोबर ४० मायक्रोटेस्ला येतं. म्हणजे एका मागाची एक तार जवळून पाहिली तर अख्ख्या पृथ्वीच्या तोडीची असते. (तिन्ही तारा एकाच केबलमध्ये असल्या की त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात, म्हणून केबलशेजारी एवढं क्षेत्र सापडत नाही.) हे क्षेत्र नीट मोजता आलं तर तार न कापता, तिला स्पर्शही न करता मोटर किती करंट ओढते ते कळतं. बेअरिंग जाम व्हायला लागलं तर करंट वाढतो आणि ते मोटर जळायच्या आधी लक्षात येतं. एवढीशी चिप मालकाचा रिवाइंडिंगचा खर्च वाचवू शकते.

असं क्षेत्र मोजायच्या अनेक पद्धती आहेत. हा लेख त्यातल्या एकाच पद्धतीबद्दल आहे, कारण ती मला सगळ्यात सुंदर वाटते. सिलिकॉनची केसाहून बारीक पट्टी कोरायची, ती थरथरत ठेवायची आणि त्या थरथरीवरून चुंबकीय क्षेत्र वाचायचं.

सुरुवात दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून होते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवत असेल: तर्जनी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने, मधलं बोट करंटच्या दिशेने, मग अंगठा सांगतो की तारेवर बल कुठे लागेल. या बलाला लॉरेंझ बल म्हणतात. ते किती, याचं सूत्र सरळ आहे: करंट गुणिले तारेची लांबी गुणिले क्षेत्र (तार क्षेत्राला काटकोनात असताना). पंखा, मिक्सर, मागाची मोटर, सगळं याच बलावर फिरतं.

आता तार छोटी करू. एक मिलिमीटर लांब, पाच मायक्रोमीटर रुंद आणि पाच मायक्रोमीटर जाड अशी सिलिकॉनची पट्टी घ्या. दोन्ही टोकं चिपला घट्ट जोडलेली, मधला भाग अधांतरी. माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून पट्टीची बारकाई लक्षात येईल. हिच्यातून एक मिलिअँपिअर करंट सोडला आणि ती सोलापूरच्या ४० मायक्रोटेस्ला क्षेत्रात ठेवली, तर बल किती येईल? गुणाकार केला की ०.०००००००००४ न्यूटनच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे ४० पिकोन्यूटन. या बलाने पट्टी मध्यभागी फक्त ०.०१२ नॅनोमीटर वाकते. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा.) सिलिकॉनमधल्या शेजारशेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर असतं. म्हणजे पट्टी दोन अणूंमधल्या अंतराच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतकी हलते.

एवढंसं हलणं मोजायचं कसं? साध्या पद्धतीने, म्हणजे करंट सोडून पट्टी किती वाकली ते बघून, ते जवळपास अशक्य आहे. इथे अनुनाद कामाला येतो.

प्रत्येक पट्टीला थरथरण्याची स्वतःची एक वारंवारता असते. वर घेतलेल्या मापाची पट्टी सेकंदाला सुमारे ४४,००० वेळा कंप पावते. आपल्याला ऐकू येण्याच्या मर्यादेच्या दुपटीहूनही हे जास्त आहे. आता पट्टीत सरळ करंट सोडण्याऐवजी तो सेकंदाला बरोबर ४४,००० वेळा उलटसुलट केला, तर पृथ्वीचं क्षेत्र स्थिर असलं तरी बल मात्र त्याच तालात उलटसुलट होतं. प्रत्येक धक्का पट्टीच्या नैसर्गिक हालचालीच्या ऐन वेळी येऊन पडतो, आधीच्या हालचालीत भर घालतो. ही भर कुठवर पडत राहते? पट्टी प्रत्येक फेरीत जेवढी ऊर्जा गमावते, तेवढीच धक्क्यातून येऊ लागेपर्यंत. पट्टी ऊर्जा किती कंजूषपणे गमावते, याचं मोजमाप म्हणजे तिचा ‘क्यू’. क्यू जर एक हजार असेल तर पट्टी स्थिर बलाने जेवढी वाकली असती, त्याच्या हजारपट झुलते. आपले ०.०१२ नॅनोमीटर आता १२ नॅनोमीटर झाले.

बारा नॅनोमीटर मोजता येतात. पट्टीच्या शेजारी दोन मायक्रोमीटर अंतरावर दुसरी, स्थिर भिंत कोरलेली असते. पट्टी आणि भिंत मिळून एक चिमुकला कपॅसिटर होतो. पट्टी भिंतीकडे सरकली की त्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते, लांब गेली की कमी होते. बारा नॅनोमीटरला हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, आणि चिपवरचं सर्किट तो आरामात पकडतं. दुसरी एक रीतही आहे. सिलिकॉन ताणलं की त्याचा विद्युतरोध बदलतो, हे बेल लॅब्जमध्ये १९५४ मध्ये दाखवलं गेलं. पट्टीच्या टोकांशी, जिथे ताण सर्वात जास्त पडतो, तिथला रोध मोजूनही थरथर वाचता येते.

क्यू वाढवायचा तर पट्टीभोवतीची हवा काढावी लागते. हवेत अशा बारीक पट्टीचा क्यू फार वाढू शकत नाही, कारण पट्टी आणि भिंत यांच्या फटीतली हवा प्रत्येक हेलकाव्याला आत-बाहेर ढकलावी लागते आणि तिथे ऊर्जा जाते. म्हणून चिपवर काचेचं किंवा सिलिकॉनचं झाकण बसवून आत निर्वात पोकळी ठेवतात. मग क्यू काही हजारांपासून दहा हजारांच्या पुढेही जाऊ शकतो.

इतकं वाचून वाटेल की क्यू जितका जास्त तितकं चांगलं. पण तसं नाही.

जी पट्टी ऊर्जा कंजूषपणे गमावते, ती जुनी हालचाल विसरायलाही वेळ लावते. क्षेत्र अचानक बदललं तरी पट्टी आधीच्या जोरावर झुलत राहते आणि हळूहळू नव्या मापावर येते. आपल्या ४४,०००च्या पट्टीचा क्यू एक हजार असेल तर ती सेकंदाला साधारण २२ फेऱ्यांपर्यंतचे बदल नीट दाखवते. क्यू दहा हजार केला तर फक्त दोनच्या आसपास. होकायंत्राला हे चालतं, माणूस काही सेकंदाला दहा वेळा दिशा बदलत नाही. पण मागाच्या मोटरचा करंट सेकंदाला ५० फेऱ्यांचा आहे. तो या पट्टीला जवळपास दिसणारच नाही. मागाशेजारी ठेवलेला जास्त क्यूचा सेन्सर पृथ्वीचं क्षेत्र बारकाईने सांगेल आणि ज्यासाठी तो लावला, त्या मोटरबद्दल मात्र काहीच सांगणार नाही.

यावर संशोधकांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. त्यात इटलीतल्या मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या गटाचं काम महत्त्वाचं आहे. पट्टीला तिच्या नेमक्या वारंवारतेवर हलवायचंच नाही, मुद्दाम थोडं बाजूला हलवायचं. समजा पट्टी ४४,०००ची आहे, तर करंट ४३,८००ने उलटसुलट करायचा. अनुनादाचा पूर्ण लाभ मिळत नाही, तरी साधारण ११० पट वाढ मिळते. आणि ही वाढ क्यूवर जवळजवळ अवलंबून नसते, फक्त ४४,००० आणि २०० या दोन आकड्यांच्या प्रमाणावर ठरते. आता ५० फेऱ्यांचा बदलही पट्टीला दिसतो. हजारपट सोडून शंभरपटीवर समाधान मानायचं, त्या बदल्यात चपळाई घ्यायची. मग आत निर्वात पोकळी तरी कशाला ठेवायची? कारण पट्टीला स्वतःची एक कुरबूर असते. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वस्तूतले अणू थरथरत असतात, आजूबाजूच्या हवेचे रेणू पट्टीवर आदळत असतात आणि पट्टी कोणी न हलवताही किंचित हलत राहते. सेन्सर किती बारीक क्षेत्र ओळखू शकेल, याची शेवटची मर्यादा ही कुरबूर ठरवते, आणि क्यू जास्त असला की ती कमी होते. वरच्या मापाच्या पट्टीसाठी, एक मिलिअँपिअर करंट धरून, ही मर्यादा काही नॅनोटेस्लाच्या (नॅनोटेस्ला म्हणजे मायक्रोटेस्लाचा हजारावा हिस्सा) घरात येते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही हजाराव्या हिश्श्यापर्यंत. प्रत्यक्ष चिपमध्ये सर्किटचा आवाज मिळून ती याहून बरीच वर जाते.

आतापर्यंत आपण पट्टी किती झुलते ते मोजलं. दुसरी पद्धत झुलणं मोजतच नाही, ती झुलण्याची वारंवारता मोजते.

पंढरीच्या वाटेवर दिंडीतला विणेकरी वीणा लावताना खुंटी पिळतो. तार ताणली की स्वर चढतो, सैल झाली की उतरतो. सिलिकॉनच्या पट्टीचंही अगदी असंच आहे. लॉरेंझ बल पट्टीला आडवं हलवण्याऐवजी तिच्या लांबीच्या दिशेने ओढेल अशी रचना केली, तर क्षेत्र वाढलं की पट्टी ताणते आणि तिची वारंवारता वाढते. करंट उलटा केला की पट्टी दाबली जाते आणि वारंवारता उतरते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या बेहराद बाहरेनी आणि सायरस शफाई यांनी २००७ मध्ये याच तत्त्वावरचा सेन्सर मांडला. या पद्धतीचं मोठं सुख म्हणजे वारंवारता मोजणं इलेक्ट्रॉनिक्सला सर्वात सोपं जातं. फेऱ्या मोजायच्या, बस. लांबच्या तारेतून संकेत पाठवताना व्होल्टेज पडलं तरी फेऱ्यांची संख्या बदलत नाही.

पण सोलापुरात राहणाऱ्याने इथे एक प्रश्न विचारायलाच हवा: उन्हाचं काय?

सिलिकॉन तापलं की किंचित मऊ होतं. त्याचा ताठपणा कमी होतो, आणि दर अंश सेल्सिअसला वारंवारता दहा लाखात सुमारे तीस भागांनी उतरते. ऐकायला हे काहीच नाही. आपल्या पट्टीला लावून बघू. ४४,००० फेऱ्यांमध्ये दर अंशाला सुमारे १.३ फेऱ्या कमी होतात. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे पंधरा अंश असतात. मे महिन्याच्या दुपारी त्रेचाळीस. फरक अठ्ठावीस अंशांचा, म्हणजे वारंवारतेत साधारण ३७ फेऱ्यांचा. आणि ज्यासाठी हा खटाटोप चाललाय, त्या पृथ्वीच्या अख्ख्या क्षेत्राने वारंवारता किती बदलते? एक मिलिअँपिअर आणि ४० मायक्रोटेस्लाचं बल पट्टीच्या लांबीच्या दिशेने लावलं तर बदल येतो ०.००२५ फेऱ्यांचा.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एका अंशाच्या उष्म्याने जेवढा फरक पडतो, त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतका पृथ्वीच्या क्षेत्राने पडतो. सूर्य ढगाआड गेला आणि शेडचा पत्रा थोडा गार झाला, तर सेन्सरला वाटेल पृथ्वीचं चुंबकत्वच उलटलं. या विषयावर काम करणारे लोक बल कसं वाढवायचं यावर जितका विचार करतात, त्याहून जास्त विचार हा बदल चुंबकाचा की तापमानाचा हे कसं ओळखायचं यावर करतात. मला तर वाटतं या सेन्सरची खरी कारागिरी तिथेच आहे.

एक उपाय म्हणजे जुळी पट्टी. शेजारी अगदी तशीच दुसरी पट्टी कोरायची, पण तिच्यातून करंट सोडायचा नाही. ऊन दोघींना सारखंच लागतं, चुंबकीय बल मात्र एकीलाच. दोघींच्या वारंवारतेतला फरक काढला की ऊन बरंचसं वजा होतं. बरंचसं म्हणायचं कारण, दोन पट्ट्या कितीही काळजीने कोरल्या तरी शंभर टक्के सारख्या होत नाहीत.

दुसरा उपाय अधिक चलाख आहे. करंट एकदा या दिशेने सोडा आणि वारंवारता मोजा, मग उलट दिशेने सोडा आणि पुन्हा मोजा. चुंबकीय बल करंटबरोबर दिशा बदलतं, तापमान बदलत नाही. दोन मोजण्यांची वजाबाकी केली की तापमानाचा भाग निघून जातो आणि चुंबकाचा भाग दुप्पट होऊन उरतो.

या वजाबाकीत आणखी एक मोठी अडचण सुटते. करंट स्वतःच पट्टीला तापवतो. एवढ्या बारीक सिलिकॉनचा रोध काहीशे ओहम असतो, आणि बाहेर निर्वात पोकळी असल्याने उष्णता फक्त दोन टोकांतूनच बाहेर जाऊ शकते. हिशोब केला तर एका मिलिअँपिअरने पट्टी दहा-एक अंशांनी गरम होते. ती प्रसरण पावू पाहते, टोकं घट्ट धरलेली असतात, त्यामुळे आतून दाबली जाते आणि वारंवारता भसकन खाली येते. हा परिणाम चुंबकाच्या परिणामाच्या लाखो पटींनी मोठा असतो. पण उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते. करंट डावीकडून गेला काय, उजवीकडून गेला काय, उष्णता तेवढीच. म्हणून वजाबाकीत तीही जाते. तरी इतकी मोठी गोष्ट वजाबाकीच्या भरवशावर सोडणं बरं नाही, म्हणून पट्टीवर सोन्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पातळ थर देऊन करंट त्यातून नेतात. रोध कमी, उष्णता कमी. त्याची किंमत अशी की धातूचा थर थरथरताना ऊर्जा खातो आणि क्यू घसरतो. या कामात फुकट काही मिळत नाही.

बल वाढवायचा स्वस्त मार्ग मात्र आहे. एकच करंट पट्टीवरून अनेक वेढ्यांत फिरवायचा. दहा वेढे असले तर तोच एक मिलिअँपिअर दहा वेळा कामाला येतो आणि बल दहापट होतं. त्याचबरोबर पट्टीला जोडून सिलिकॉनच्याच बारीक तरफा कोरतात, त्या बल आणखी वाढवून पट्टीपर्यंत पोचवतात.

हे सगळं कोरतात कसं? सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी छापतात आणि मग प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, खोदतात. एक वायू सिलिकॉन खातो, दुसरा खोदलेल्या भिंतींवर संरक्षक थर चढवतो. आळीपाळीने हे करत गेलं की अरुंद आणि खोल, सरळ उभ्या भिंतींची चर तयार होते. जर्मनीतल्या बॉश कंपनीत १९९० च्या दशकात ही रीत विकसित झाली. शेवटी पट्टीखालचा ऑक्साइडचा थर आम्लाच्या वाफेने विरघळवला की पट्टी अधांतरी मोकळी होते. एकसंध स्फटिकाचं सिलिकॉन यासाठी इतकं योग्य का, याचं उत्तर साधं आहे: ते पोलादाच्या जवळपास जाईल इतकं ताठ, वजनाला पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याचं, आणि नेहमीच्या तापमानाला वाकून वाकडं राहत नाही. कोट्यवधी वेळा वाकवलं तरी जसंच्या तसं. तुमच्या फोनमध्ये आत्ता या क्षणी सिलिकॉनची अशी थरथरणारी रचना आहे, फोन किती वळला हे सांगणाऱ्या जायरोस्कोपमध्ये.

मग फोनचं होकायंत्र तसंच का बनवत नाहीत? आजच्या फोनमध्ये ते बहुधा हॉल परिणामावर किंवा चुंबकीय क्षेत्रात रोध बदलणाऱ्या धातूच्या पातळ थरांवर चालतं. हॉल परिणाम एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधला. त्यातही मूळ बल लॉरेंझचंच आहे, फक्त तिथे ते इलेक्ट्रॉनांना पट्टीच्या एका कडेला ढकलतं आणि तिथे जमलेलं व्होल्टेज मोजतात. थरथरणाऱ्या पट्टीत तोच धक्का सगळ्या पट्टीला हलवतो. हॉल सेन्सर स्वस्त, लहान आणि भक्कम असतो. निर्वात पोकळी नको, झाकण नको. धातूच्या थरांचे सेन्सर त्याहून बारीक क्षेत्र ओळखतात, पण त्यांत चुंबकीय पदार्थ असतो. जवळ स्पीकरचं चुंबक आलं किंवा चुंबकी बटणाचं कव्हर लावलं की त्या पदार्थात थोडं चुंबकत्व मागे राहू शकतं आणि मग सुई तिरकी दिसते. होकायंत्र फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतं, ते असे दोष आणि फोनमधल्याच लोखंडाचा परिणाम वजा करण्यासाठी.

सिलिकॉनच्या पट्टीत चुंबकीय पदार्थच नाही. कितीही जोरदार चुंबक जवळ आणून नेलं तरी पट्टीत काही मागे राहत नाही, आणि क्षेत्र वाढत गेलं तरी तिचं माप एका मर्यादेला थबकत नाही. शिवाय ती जायरोस्कोप आणि त्वरणमापकाच्या शेजारी, त्याच चिपवर, त्याच प्रक्रियेत कोरता येते. तिचं दुबळं अंग म्हणजे वीज. प्रत्येक दिशेला एक मिलिअँपिअर सतत लागला तर बॅटरीवरच्या उपकरणाला ते परवडत नाही. मोटरशेजारी, जिथे वीज हाताशी आहे आणि क्षेत्र जोरदार आहे, तिथे मात्र ही अडचण उरत नाही.

फार बारीक क्षेत्रं मोजायला वेगळी उपकरणं लागतात, आणि त्यांचा आपल्या राज्यात मोठा वारसा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीचं चुंबकत्व नोंदवलं जात होतं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाच्या वेळी कुलाब्याच्या नोंदीत क्षैतिज क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेलं दिसतं. त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही ही नोंद काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या करंटने नोंदी खराब होतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, तीही लोखंड टाळून. मागाच्या शेडमधल्या होकायंत्राची आणि कुलाब्याची अडचण एकच होती. अंतराळातही तेच करावं लागतं. आदित्य-एल१ यानाचे चुंबकीय सेन्सर सहा मीटर लांब दांड्यावर बसवले आहेत, यानातल्याच करंटांपासून दूर राहावेत म्हणून. ते फ्लक्सगेट जातीचे आहेत. त्या बारकाईला सिलिकॉनची पट्टी आज पोचत नाही.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळची पृथ्वीची चुंबकीय दिशा धरून ठेवली. दख्खनच्या पठारावरच्या कितीतरी थरांत ती दिशा आजच्या उलट सापडते, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. म्हणून माळावर मोजमाप घ्यायचं तर फोन उघड्या कातळावर टेकवून घेऊ नये, कमरेइतक्या उंचीवर धरावा.

इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी या विषयाला हात घालायला हवा असं मला मनापासून वाटतं. पट्टीचं गणित बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडे फारसं जात नाही. कोरायची सोय आपल्याकडे नाही हे खरं, पण बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि आयआयटी मुंबईत अशा प्रयोगशाळा आहेत, आणि इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना तिथे काम करता आलेलं आहे. तोवर फोन आहेच. क्षेत्राचे आकडे मायक्रोटेस्लामध्ये दाखवणारं फुकट अॅप घ्या, लोखंडापासून लांब एक जागा ठरवा, आणि त्याच जागी, फोन त्याच दिशेला धरून, पहाटे आणि भर दुपारी मोजा. सौर वादळ नसलेल्या शांत दिवशी पृथ्वीचं क्षेत्र दिवसभरात फार तर काही दशक नॅनोटेस्लाने बदलतं, म्हणजे मायक्रोटेस्लाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आकडा त्याहून जास्त हलला तर तो बहुतेक तुमच्या सेन्सरला लागलेला उन्हाळा असेल.